दगड पुन्हा जागेवर लोटताना

येशूच्या पुनरुत्थानावर विश्वास ठेवण्यात तसा काहीच धोका नाही. धोका आहे तो हा विश्वास चर्चच्या पायऱ्या उतरून आपल्यामागे घरापर्यंत आला तर. वसईच्या वाडीत आयुष्य गेलेल्या माणसाच्या अनुभवातून आलेल्या पुढील सूचना आपण पाळल्यात, तर सोमवारी सकाळपर्यंत कबरीवरचा दगड पूर्ववत बसेल, याची हमी मी देतो.

सावधगिरी ईस्टरच्या आदल्या शनिवारी रात्रीपासूनच बाळगावी. चर्चबाहेर नवा अग्नी पेटवून पास्काची, म्हणजे ईस्टरची, मेणबत्ती आत आणली जाते आणि काळोखात एकाच्या वातीवरून दुसऱ्याची वात पेटत जाते. बावखल, म्हणजे वाडीतले गोड्या पाण्याचे तळे, कोणाच्या हिश्श्यात येते यावरून ज्याच्याशी 9 वर्षे बोलणे नाही, तो सख्खा भाऊ आपल्या शेजारीच उभा असल्याचे नेमके याच वेळी लक्षात येते. त्याने न पेटलेली मेणबत्ती पुढे केलीच, तर वातीला वात लावावी, पण नजर वर करू नये. बोटावर गरम मेण ओघळल्याचे निमित्त तेवढ्यापुरते पुरते. पुढे बाप्तिस्म्याच्या वचनांची उजळणी होते, तेव्हा सैतानाचा धिक्कार मात्र सर्वांत मोठ्या आवाजात करावा. त्याच्या नावावर सातबारा नसतो.

रविवारचे काही सांगायला नको. मांसाचे मसालेदार इंद्याल आपल्याला सांभाळून घेते.

बायबल वाचायची सवय असल्यास थोडी काळजी घ्यावी. योहानाच्या शुभवर्तमानात, 20व्या अध्यायात, मरिया मग्दालिया पुनरुत्थित येशूला बागेचा माळी समजते आणि त्याने तिला नावाने हाक मारल्यावरच तिला ओळख पटते. हा प्रसंग वाडी असलेल्या कुटुंबांना फारच अडचणीचा आहे. आपल्या वाडीत झावळ्या ओढणारा गडी 11 वर्षे 'ए' या हाकेला ओ देत आला आहे. आता त्याला नाव विचारले, तर उद्या त्याची मजुरी, परवा त्याच्या मुलीची शाळा, असे प्रश्न रांगेने येतील. म्हणून माळ्याकडे निरखून पाहू नये. प्रेषित पौलाचेही तसेच. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा 15वा अध्याय तो मरणाची नांगी मोडण्यात घालवतो आणि 16व्याच्या पहिल्याच ओळीत वर्गणीचा विषय काढतो! पुस्तक 15व्याच्या शेवटी मिटावे हे उत्तम.

ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाचे 40 दिवस आपण बोटांवर मोजतो, कारण पलीकडे मटण असते. त्यानंतरचा पुनरुत्थानकाळ पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणापर्यंत, 50 दिवसांचा, म्हणजे शोकापेक्षा आनंदाचा हिशेब 10 दिवसांनी मोठा आहे. पण हे दिवस मोजणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही, आणि आपणही मोजू नयेत. याच काळात बावखलाच्या दाव्याची तारीख पडली आणि कोर्टाच्या व्हरांड्यात भावाने पाण्याची बाटली पुढे केली, तर तहान नसल्याचे सांगावे. उन्हाळी सुट्टी लागेपर्यंतच काय तो प्रश्न.

शनिवारच्या मेणबत्तीचे उरलेले तुकडे मात्र फेकू नयेत. वीज गेली की उपयोगी पडतात.