‘गर्दीच्या गोंगाटा’बद्दल : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

फेमटोसेकंद (सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग) लेझर आणि रासायनिक अभिक्रियांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंय, त्याला दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून स्वतंत्र लिहितो आहे.

तुमचं मुख्य वाक्य असं : ‘कोट्यवधी रेणूंची सरासरी काढायची आणि रेणू हलताना दिसला म्हणायचं, हे स्टेडियमबाहेर उभं राहून गर्दीच्या गोंगाटातून एका माणसाचं बोलणं ऐकल्यासारखं आहे.’ एवढ्यावर थांबला असतात तर चर्चा झाली असती. पण लगेच पुढे, ‘लेखकाने प्रयोगशाळेचं तोंडही पाहिलेलं दिसत नाही, सगळं इकडून तिकडून उचललेलं आहे.’ मतभेद असू देत, त्याचं काही नाही. पण ओळख ना पाळख, थेट माणसाच्या प्रामाणिकपणावर घसरायचं ही कुठली रीत? लेखात काय चुकलं ते दाखवा. मी काय पाहिलंय आणि काय नाही, हे तुम्हाला ठाऊक असण्याचं कारणच नाही.

विषय काढलाच आहे तर सांगतो. संशोधक विद्यार्थी म्हणून माझी उमेदीची वर्षं लेझरच्या अंधाऱ्या खोलीत गेली. पंप (रेणूंना हलायला लावणारा) आणि प्रोब (नंतर त्यांची स्थिती टिपणारा) या प्रकाशाच्या दोन पल्स, म्हणजे अतिशय आखूड झोत, नमुन्यावर एकाच क्षणी पोचतात ती जागा, म्हणजे ‘टाइम झीरो’, शोधण्यात कित्येक रात्री घातल्या आहेत. दोन झोत पातळ बीबीओ स्फटिकातून (प्रकाशाचा रंग बदलणाऱ्या) गेले की पलीकडच्या कागदावर दोन निळे ठिपके दिसतात, ज्याचा त्याचा एकेक. मग डिले स्टेज, म्हणजे एका झोताची वाट लांब-आखूड करणारा सरकता आरसा, जरा जरा सरकवत बसायचं. पल्स नेमक्या एका वेळी आल्या की दोहोंच्या मधोमध तिसरा ठिपका उमटतो, स्टेज थोडी पुढे गेली की विझतो. स्टेज एक मायक्रॉन सरकली तर प्रकाशाची जाऊन-येऊन दोन मायक्रॉन वाट वाढते, म्हणजे साधारण ६.७ फेमटोसेकंदांचा फरक. इतका चपळ डिटेक्टर नसतो. वेळ मोजली जाते ती या अंतरावरून.

आणि तुमच्या गर्दीचं उत्तर याच टाइम झीरोत आहे. गोंगाट होतो तो प्रत्येक जण आपापल्या वेळी, आपापलं बोलतो म्हणून. एका शिट्टीसरशी सगळ्या स्टेडियमने एकच गाणं सुरू केलं, तर बाहेर उभ्या माणसाला शब्दन्‌शब्द कळेल. माणसं जितकी जास्त तितका स्पष्ट. पंप पल्स म्हणजे ती शिट्टी. रेणूच्या एका हेलकाव्यापेक्षा ती कितीतरी आखूड असते, त्यामुळे उत्तेजित होणारे सगळे रेणू जवळजवळ एकाच क्षणी आणि जवळजवळ एकाच बंध-लांबीवरून सुटतात.

अहमद झेवेल यांच्या कॅलटेकमधल्या गटाने १९८८ च्या सुमारास सोडियम आयोडाइडवर केलेला प्रयोग मी लेखात दिला होता. तुम्ही त्याचा उल्लेखही केलेला नाही. या रेणूत दोन अणूंमधलं अंतर एरवी २.७ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग) असतं. अतिनील पल्स बसली की ते दूर पळू लागतात. सुमारे ६.९ अँगस्ट्रॉमवर सोडियमचा इलेक्ट्रॉन आयोडीनकडे उडी मारतो, विरुद्ध भारांची ओढ सुरू होते आणि जोडी पुन्हा आत खेचली जाते. असा एक फेरा साधारण सव्वा पिकोसेकंदाचा, म्हणजे साडेबाराशे फेमटोसेकंदांचा. दर फेऱ्याला अंदाजे दहावा हिस्सा रेणू सुटतात आणि मोकळे सोडियम अणू मिळतात.

आता आलेख बघा. प्रोबचा रंग मोकळ्या सोडियमला जुळवला, म्हणजे ५८९ नॅनोमीटरच्या आसपास ठेवला, की सिग्नल पायऱ्या-पायऱ्यांनी चढतो. एका फेऱ्याला एक पायरी. रंग बाजूला सरकवला, की अजून न सुटलेल्या जोड्यांची खाली-वर लाट दिसते, हळूहळू विरत जाणारी. रेणू आपापल्या वेळी हलत असते तर सरासरीत ना पायरी उरली असती ना लाट, एक गुळगुळीत चढण तेवढी मिळाली असती. एकट्या रेणूवर नेम धरल्याचा दावा माझ्या लेखात कुठेही नाही. सगळे एका तालात हलतात म्हणून सरासरीतूनही ती हालचाल कळते, इतकंच मी म्हटलं होतं आणि आजही म्हणतो.

एक गोष्ट मान्य. चित्राखाली मी ‘सर्वांत वेगवान’ लिहिलं होतं, ते आता खरं नाही. अॅटोसेकंद (फेमटोसेकंदाचा हजारावा भाग) पल्सच्या कामाला २०२३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं आहे. ओळ बदलली.

हायझेनबर्गच्या अनिश्चिततेचा (वेळ जितकी नेमकी, तितकी ऊर्जा अनिश्चित) मुद्दा तुम्ही उलटा लावलाय. आखूड पल्सची ऊर्जा पसरट असते, बरोबर. पण ती पसरट असते म्हणूनच अनेक अवस्था एकत्र येऊन एका जागी गोळा झालेला तरंगपुंज (लाटांचा गठ्ठा) तयार होतो, आणि हलतो तो तरंगपुंजच. नेमक्या एकाच ऊर्जेच्या अवस्थेत हलण्यासारखं काही नसतं. पदवीच्या पुस्तकात हे सापडतं. ‘आधी पुस्तक उघडा’ असा सल्ला देण्यापूर्वी आपणही ते उघडायला हरकत नव्हती.

‘झेवेलांची आरती’ आणि ‘सामान्य माणसाला याचा उपयोग काय’ यांवर मी वेळ घालवणार नाही. झेवेल यांना १९९९ चं रसायनशास्त्राचं नोबेल अभिक्रियांच्या संक्रमण-अवस्थांच्या अभ्यासासाठी मिळालं, माझ्या लेखामुळे नव्हे. बंध तुटताना मधल्या वाटेवर काय घडतं हे जाणून घ्यावंसं वाटणं मला पुरेसं आहे, तुम्हाला नसेल तर नसो.

पुन्हा लिहायचं असेल तर एवढंच लिहा : त्या आलेखात पायऱ्या का दिसतात, तुमच्या मते? त्यावर मी मनापासून बोलेन. माझ्या शिक्षणाबद्दलचे शेरे यापुढे इथे छापले जाणार नाहीत.