एकहाती साम्राज्य

राज्य चालवणे किती कटकटीचे असते याची खरी जाणीव राज्यकर्त्यांखालोखाल एकाच वर्गाला असते, आणि तो म्हणजे संस्कृती वसवण्याचे, टर्नामागून टर्न, म्हणजे पाळीपाळीने, खेळायचे स्ट्रॅटेजी गेम एकट्याच्या बळावर बनवणाऱ्यांचा. राज्यकर्त्यांना निदान सचिव असतात, आणि खापर फोडायला मागचे सरकार असते. माझ्या राज्यात मागचे सरकारही मीच होतो.

ज्यांनी हा प्रकार कधी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी १९९१ मध्ये मायक्रोप्रोझ कंपनीसाठी ‘सिव्हिलायझेशन’ हा गेम बनवला. त्यात इसवी सनपूर्व ४००० मध्ये एक गाव वसवायचे आणि टिकून राहिलो तर थेट अंतराळात यान सोडायचे. ‘अजून एकच टर्न’ असे म्हणत पहाट पाहणारी माणसे तेव्हापासून जगभर तयार झाली. पुढे डेन्मार्कमधल्या विद्यार्थ्यांनी त्याच धर्तीवर ‘फ्रीसिव्ह’ लिहून १९९६ मध्ये फुकट वाटला. अशा गेमची चार अंगे सांगतात : नवा प्रदेश शोधा, पसरा, साधनसंपत्ती वापरा आणि उरलेल्यांना संपवा. हे ऐकल्यावर आईने, गेम बिल्डर लोकांवर आहे का, असे विचारले होते.

माझा गेम दख्खनवर आहे. घोड नदीकाठच्या इनामगावात जवाच्या शेतीपासून तो सुरू होतो, सातवाहनांच्या प्रतिष्ठानातून, म्हणजे आजच्या पैठणमधून जातो आणि आधुनिक काळात येऊन थांबतो. या जातीच्या गेममध्ये आरंभीचा काळ भराभर सरकवावा लागतो, त्यामुळे एक टर्न चाळीस वर्षांचा धरण्याची पद्धत आहे. परिणामी माझा सैनिक जुन्नरहून निघाला की नाणेघाटाच्या तोंडाशी पोहोचेपर्यंत त्याच्या दोन पिढ्या खर्ची पडतात. खेळणाऱ्यांपैकी कोणालाही यात काही वावगे वाटत नाही. मात्र त्याच सैनिकाची ढाल डाव्या हातात हवी होती, ती उजव्या हातात दिसली, यावर मला सविस्तर पत्रे येतात.

नकाशाचे काम मी संगणकावर सोपवले होते. केन पर्लिन यांनी शोधलेल्या, आणि त्यांना पुढे १९९७ मध्ये ऑस्करवाल्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळवून देणाऱ्या एका गणिती युक्तीने डोंगर-दऱ्या आपोआप तयार होतात. मग नकाशावरच्या प्रत्येक षट्कोनी घराला उंची मिळते, आणि पाणी शेजारच्या सर्वांत सखल घरात उतरत जाते. सगळे शास्त्रशुद्ध होते. दुर्दैवाने माझे वडील पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आहेत. त्यांनी पडद्यासमोर खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि खात्याच्या तपासणीला आल्यासारखा प्रश्न केला, “ही गोदावरी अरबी समुद्राकडे कुठे निघाली?”

मी म्हणालो, “बाबा, समुद्र त्या बाजूला जवळ आहे.”

“जवळ आहेच. त्र्यंबकेश्वरापासून सुमारे ऐंशी किलोमीटर. तरी ती चौदाशे पासष्ट किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला जाते. ती काही तुझ्यासारखी जवळचा रस्ता शोधत नाही.”

शेवटी मी संपूर्ण पठारच पूर्वेकडे किंचित कलते केले. निसर्गाला ज्या कामासाठी कोट्यवधी वर्षे लागली ते प्रोग्रामच्या एका ओळीत उरकल्याचा आनंद मी घेत होतो, तेवढ्यात बाबांनी कोकणात पाऊस किती मिलिमीटर धरला आहे ते विचारले. त्यानंतरची संध्याकाळ पर्जन्यछायेत गेली.

नद्या तरी सरळ वागतात. खेळाडू वागत नाही. या क्षेत्रात एक जुना रोग आहे, त्याला जाणकार ‘इन्फिनिट सिटी स्प्रॉल’ म्हणतात. मोठी, देखणी नगरे उभारण्याऐवजी खेळाडू दिसेल त्या जागी भिकार खेडी वसवत सुटतो, कारण हिशेबाने तेच फायद्याचे पडते. ‘सिव्हिलायझेशन’च्या २०१० मधल्या पाचव्या आवृत्तीत यावर उपाय म्हणून प्रत्येक नव्या शहरामागे साऱ्या साम्राज्यातली नाराजी वाढवली होती. मीही तसेच केले आणि चाचणीसाठी माझ्या भाच्याला बोलावले. भाचा अकरावीला आहे, आणि पळवाटा शोधण्याच्या बाबतीत त्याची बुद्धी एखाद्या मुरलेल्या करसल्लागाराला लाजवील अशी आहे. त्याने सह्याद्रीपासून विदर्भापर्यंत एक घर सोडून एक गाव वसवले आणि नाराजीचा लाल आकडा दाखवल्यावर शांतपणे म्हणाला, “मामा, नाराज लोकपण कर भरतातच ना?”

हा प्रश्न मला अर्थशास्त्राच्या कोणत्याही पाठापेक्षा अधिक शिकवून गेला. मी नियम केला की नाराज लोक कर भरणार नाहीत. भाच्याने कर माफ करून टाकला आणि व्यापारावर राज्य चालवले. मी नियम केला की अति नाराज लोक बंड करतील. बंडे झाली, भाच्याने ती मोडली, आणि माझ्याच जुन्या नियमाप्रमाणे लढाई जिंकलेल्या सैनिकांना अनुभवाचे गुण मिळून ते आणखी बळकट झाले. आठवडाभरात तो रयतेला मुद्दाम छळून बंडे करवीत होता आणि त्यावर सैन्य तयार करून शेजारची राज्ये घेत होता. इतिहासाच्या पुस्तकांतून न उलगडलेल्या काही राजांची धोरणे मला त्या आठवड्यात एकदम समजली.

शेजारच्या राज्यांबद्दल बोलायचे तर तिथे संगणक बसलेला असतो. त्यांपैकी नहपान हा क्षत्रप मी फार उमेदीने बनवला होता. गौतमीपुत्र सातकर्णीने या नहपानाचा पराभव केला आणि त्याच्या चांदीच्या नाण्यांवर आपला ठसा मारून ती पुन्हा चलनात आणली. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ मध्ये सापडलेल्या ठेव्यात अशी हजारो नाणी निघाली. असा तालेवार शत्रू माझ्या गेममध्ये मात्र सैन्य घेऊन पूर्वेला निघायचा आणि पुढच्या टर्नला पश्चिमेला परतायचा. त्याच्यासमोर दोन शहरे सारख्याच मोलाची होती. एकाकडे पाऊल टाकले की दुसरे त्याला अधिक मोहक वाटे. चाळीस वर्षांच्या टर्नने हा दिग्विजय काही शतके चालला. अखेर मी मत बदलण्यालाच किंमत लावली, म्हणजे ठरलेले लक्ष्य सोडायचे तर नवे लक्ष्य बऱ्यापैकी अधिक लाभाचे असले पाहिजे. नहपान ताबडतोब सुधारला. आपल्याकडे पक्षांतरबंदी कायदा १९८५ पासून आहे, एवढेच या ठिकाणी नमूद करतो.

खेळाडूंचा आणखी एक विशेष म्हणजे संभाव्यतेवर त्यांचा विश्वास नसतो. नव्वद टक्के जिंकण्याची शक्यता लिहिलेली लढाई दहांत एकदा हरली पाहिजे, हे गणित आहे. प्रत्यक्षात ती एकदा हरली की गेम लबाड ठरतो. सिड मायर यांनी २०१० च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये हेच सांगितले होते : तीनास एक असे पारडे आपल्या बाजूला असताना हरलेला खेळाडू चिडतो, पण तेच पारडे उलट असताना जिंकला तर त्याला ते स्वतःचे कर्तृत्व वाटते. मी आता छापील आकड्यापेक्षा खेळाडूला गुपचूप थोडे अधिक झुकते माप देतो. तक्रारी थांबल्या असून गेम ‘एकदम प्रामाणिक’ असल्याचे अभिप्राय येऊ लागले आहेत.

गेम मराठीत असावा हा माझा हट्ट होता. सुरुवातीला मी वापरत असलेल्या गोडो इंजिनाच्या, म्हणजे गेम बनवण्याच्या तयार सॉफ्टवेअरच्या, आवृत्तीला देवनागरीची जुळणी येत नसे. राजधानीचे नाव लिहिले की वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन उभी राही आणि ‘ष्ठ’चे तुकडे होऊन मध्ये पाय मोडलेला ‘ष’ पडे, जणू शत्रूचा हल्ला आधी नावावरच झाला आहे. मार्च २०२३ मध्ये चौथी आवृत्ती आली तेव्हा कुठे प्रतिष्ठानाची प्रतिष्ठा राहिली.

विक्रीबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात गेम ठेवायला शंभर डॉलर भरावे लागतात, आणि विकत घेतल्यापासून चौदा दिवसांत, दोन तासांहून कमी खेळून झालेला गेम ग्राहक परत करू शकतो. धावपळीच्या गेमचे दोन तासांत बरेचसे दर्शन घडते. माझ्या गेममध्ये दोन तासांनी जवाचे दुसरे पीक निघत असते.

सध्या सारे काम धरणापाशी अडले आहे. आधुनिक काळात एक टर्न एका वर्षाचा होतो. पैठणचे जायकवाडी धरण १९६५ ते १९७६ या काळात झाले, आणि बाबांच्या नोकरीची सुरुवात त्याच्याच कालव्यांवर झाली, म्हणून मी धरणाला अकरा टर्न ठेवले आणि ते बाबांना मोठ्या अपेक्षेने दाखवले. त्यांनी काही न बोलता एक कागद मागितला. संध्याकाळी माझ्या टेबलावर ‘प्रति, मा. विकसक’ असा मायना असलेले टिपण होते आणि विषयाच्या ओळीत ‘बुडीत क्षेत्रातील गावांच्या भूसंपादन व पुनर्वसनाची तरतूद नसणेबाबत’ असे लिहिले होते. ते खरेच होते. पाण्याखाली जाणाऱ्या घरांतली माझी माणसे पडद्यावरून नुसतीच नाहीशी होत होती. मी सर्वेक्षण घातले, मोबदला घातला, नवे गावठाण घातले, मोबदला अपुरा असल्याच्या तक्रारीही घातल्या. धरणाला आता चौतीस टर्न लागतात. भाच्याच्या मते एवढे कोणीही थांबणार नाही आणि हा गेम अशाने कधीच खपणार नाही. बाबांच्या मते चौतीस हा आकडा फार आशावादी आहे, आणि न्यायालयातली प्रकरणे मी अजून धरलेलीच नाहीत.