काच वाहत नाही

‘काच हा खरं तर द्रव आहे. युरोपातल्या जुन्या चर्चच्या खिडक्या बघा. शेकडो वर्षांत काच हळूहळू खाली ओघळली आणि तावदानं तळाशी जाड झाली.’ हा मजकूर तुमच्याही फोनवर कधी ना कधी येऊन गेला असेल. तो फक्त फॉरवर्डपुरता असता तर सोडून दिला असता. पण एनसीईआरटीच्या बारावीच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकातही, स्थायू अवस्थेच्या धड्यात, हेच उदाहरण वर्षानुवर्षं छापलेलं होतं. जेईई-नीटच्या तयारीत कितीतरी मुलांनी ते पाठ केलं. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘तावदानं खाली जाड असतात.’ काही असतात, हे खरं. पण ती बनवली जायची कशी, ते आधी पाहा. कारागीर लोखंडी नळीच्या टोकाला वितळलेल्या काचेचा गोळा घेई, फुंकून त्याचा फुगा करी, मग तो दुसऱ्या सळईवर घेऊन भट्टीच्या तोंडाशी गरागरा फिरवी. फिरता फिरता फुगा उघडून त्याची सपाट थाळी होई. ही थाळी मध्याकडे जाड आणि कडेला पातळ निघायची. अगदी मधोमध सळईच्या जागी जाड गाठच राहायची. या थाळीतून चौकोन कापले की तावदानाची एक बाजू दुसरीपेक्षा जाड येणारच. जड बाजू खाली ठेवून बसवणं सोयीचं, म्हणून बऱ्याच जणांनी तसं केलं असेल. पण जाड बाजू वर किंवा आडवी असलेली तावदानंही जुन्या इमारतींत सापडतात. काच ओघळली असती तर ती कुठून आली? आजची काच सगळीकडे सारख्या जाडीची दिसते, कारण ती वितळलेल्या कथलावर तरंगवून बनते. पिल्किंग्टन कंपनीने ही पद्धत जाहीर केली १९५९ साली.

जुन्या चर्चच्या रंगीत खिडक्या कधी कधी फुगतात, वाकतात, हेही खरं आहे. पण तिथे सरकतं ते काचेचे तुकडे जोडणारं शिसं.

‘काचेतले कण द्रवासारखे विस्कळीत असतात, म्हणून ती द्रव.’ सगळ्या दाव्याचं मूळ इथे आहे आणि यातलं पहिलं अर्धं वाक्य बरोबर आहे. मिठाच्या खड्यात कण ओळीने, ठरलेल्या अंतरावर बसतात. काचेत सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या अणूंची जाळी वेडीवाकडी असते. चूक आहे ती ‘म्हणून’ या शब्दात. पदार्थ वाहतो की नाही हे कणांच्या रांगा सरळ आहेत का यावर ठरत नाही, कणांना आपली जागा सोडता येते का यावर ठरतं. गर्दीच्या वेळी विरार लोकलच्या डब्यात कोणीही रांगेत उभं नसतं, तरी कुणालाही हलता येत नाही.

उलट उदाहरण हवं असेल तर हिमनदी घ्या. बर्फ हा चोख स्फटिक, कण शिस्तीत मांडलेले, आणि तरी हिमनदी डोंगरावरून खाली वाहते, कारण तिथला बर्फ वितळायच्या बेताला आलेला असतो. वर सांगितलेलं शिसंही स्फटिकच. ते ३२७ अंशांना वितळतं, त्यामुळे घरच्या तापमानालाही स्वतःच्या भाराने हळूहळू ताणलं जातं. खिडकीची साधी काच मऊ पडायला साडेपाचशे अंशांच्या आसपास जावं लागतं. त्याखाली तिचे अणू जागच्या जागी थरथरतात, शेजारी बदलत नाहीत. ताणाला ती जवळपास अ‍ॅल्युमिनियमइतकाच विरोध करते. द्रव असं वागत नाही.

‘डांबरही कठीण दिसतं, पण वाहतं.’ हो, वाहतं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात थॉमस पार्नेल यांनी १९२७ साली मांडलेला प्रयोग अजून चालू आहे: नरसाळ्यातल्या डांबराचे १९३० ते २०१४ या काळात नऊ थेंब पडले. पण लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबे या जुन्या चर्चमधल्या मध्ययुगीन काचेसारखं मिश्रण बनवून २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून जी विष्यंदता (म्हणजे वाहायला होणारा विरोध) निघाली, ती या डांबराच्या सुमारे एकावर सोळा शून्ये इतकी पट आहे. एकाच माळेत ओवण्यासारखे हे पदार्थ नाहीत.

‘पुरेसा काळ दिला तर काचही वाहीलच.’ त्याच अभ्यासाचं उत्तर: शंभर कोटी वर्षांत फार तर एक नॅनोमीटर. काही अणू शेजारी शेजारी ठेवले तर होईल तेवढी लांबी. चर्चचं वय हजारेक वर्षांचं.

आणखी एक हिशेब स्वतः करून बघा. सहाशे वर्षांत तावदान तीन मिलिमीटर ओघळलं असं मानलं, तर वर्षाला पाच हजार नॅनोमीटर झाले. दुर्बिणीच्या भिंगाच्या पृष्ठभागात प्रकाशाच्या एका तरंगलांबीएवढा, म्हणजे साधारण पाचशे नॅनोमीटरचा, फरकही चालत नाही. म्हणजे दर सव्वा महिन्याला भिंग बाद. अमेरिकेतल्या यर्क्स वेधशाळेतलं चाळीस इंची भिंग १८९७ पासून उभं आहे आणि विसाव्या शतकभर खगोलशास्त्रज्ञांनी त्यातून निरीक्षणं केली.