‘मॅन्युअल असताना सिम्युलेशन कशाला?’

सध्या एक मजकूर फिरतोय: सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प (एसटीपी) संगणकावर चालवून पाहणारं सिम्युलेशन सॉफ्टवेअर म्हणजे सल्लागारांची फी वाढवायची सोय. मॉडेलं परदेशी सांडपाण्यावर बेतलेली, आत कचरा घातला की बाहेर कचराच, आणि मॅन्युअल व ऑपरेटरचा अनुभव पुरेसा.

आधी ‘परदेशी’. बहुतेक सॉफ्टवेअरचा पाया असलेलं एएसएम-१ हे मॉडेल 1987 चं. ते बनवणाऱ्या गटात दक्षिण आफ्रिकेचे मराइसही होते. शिवाय तापमान आपणच भरतो. नायट्रिफिकेशन (अमोनियाचं नायट्रेट) करणाऱ्या जिवाणूंच्या वाढीचा कमाल वेग त्यात 20 अंशांना दिवसाला 0.8 आहे, 10 अंशांना 0.3. आपल्या कोमट सांडपाण्याचा फायदा हिशेबात धरता येतो.

मॅन्युअल पुरेसं? सीपीएचईईओ या केंद्र सरकारच्या सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संघटनेचं 2013 चं मॅन्युअल मी रोज वापरतो, टाकीचा आकार त्यावरून छान ठरतो. पण समजा लिटरमागे 40 मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन आहे. त्याच्या नायट्रिफिकेशनला सुमारे 286 मिलिग्रॅम अल्कलिनिटी (पाण्यातले आम्ल पचवणारे क्षार) लागते. पाण्यात 250 च असेल तर पीएच घसरतो आणि काम अडतं. 30 मिलिग्रॅम नायट्रेट-नायट्रोजनचं डिनायट्रिफिकेशन (नायट्रेटचा नायट्रोजन वायू) झालं तर 107 परत मिळते, ऑक्सिजनही वाचतो. इथवर कागदावर जमतं. पण सकाळच्या लोंढ्याला ब्लोअर कमी पडतो, पहाटे तोच उगाच हवा फुंकतो. रिसायकल (हवेच्या टाकीतून परत फिरवलेलं पाणी) वाढवला की ॲनॉक्सिक (हवा न देता ठेवलेल्या) टाकीत ऑक्सिजन शिरतो आणि तिथलं डिनायट्रिफिकेशन मंदावतं. तासागणिक बदलणारी ही गुंतागुंत सरासरीच्या कोष्टकात दिसत नाही. प्रकल्पाच्या विजेतला साधारण निम्मा वाटा एअरेशनचा (टाकीत हवा सोडण्याचा) असतो, म्हणून हे दिसायलाच हवं.

कचऱ्याचा आक्षेप मात्र खरा आहे. सकाळच्या एका बाटलीतला बीओडी (जिवाणूंना लागणाऱ्या ऑक्सिजनवरून काढलेलं सेंद्रिय घाणीचं माप) भरून मॉडेल चालवणं चूकच. चोवीस तासांचे नमुने घ्या, सीओडीतला (रसायनाने मोजलेल्या सेंद्रिय घाणीतला) सहज विघटनशील आणि निष्क्रिय भाग वेगळा मोजा, रोज किती स्लज (गाळ) काढला ते नीट लिहा. आत आलेल्या आणि बाहेर गेलेल्या फॉस्फरसचा ताळेबंद जुळला नाही, तर फ्लोमीटर किंवा स्लजची नोंद चुकतेय, असा संशय घ्यायला जागा मिळते. माझ्या मते हीच मॉडेलिंगची सर्वांत मोठी कमाई.

ऑपरेटरचा अनुभव हवाच. फाटलेला डिफ्युजर (टाकीत हवेचे बुडबुडे सोडणारा भाग) किंवा टाकीवरचा फेस त्यालाच दिसतो. पण नवा सेटपॉइंट (हवा वगैरेंची ठरवलेली पातळी) थेट चालू टाकीवर आजमावायचा, तर फसलेल्या प्रयोगाचं पाणी नदीत जातं.

राहिली फी. ब्रिटनच्या डब्ल्यूआरसी या पाणी-संशोधन संस्थेचं स्टोट हे सिम्युलेशन सॉफ्टवेअर मोफत मिळतं. खर्च होतो तो नमुन्यांवर, आणि तिथेच काटकसर केली जाते.