शेवग्याची पूड, डाइंगचं पाणी आणि एक फिरता मेसेज

‘शेवग्याच्या बियांची पूड टाका, डाइंगचं पाणी तासात फुकट नितळ. कोणताही रंग चालतो, गाळाचं खत करा, पाणी शेतीला सोडा.’ हा मेसेज पटतो, कारण शेवग्याचं बी गढूळ पाणी खरंच निवळतं. पण इचलकरंजी-सोलापूरच्या कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाऊसमधून बाहेर पडतं ते नदीचं गढूळ पाणी नव्हे.

‘नुसती पूड टाका.’ बियांच्या गरात तिसरा हिस्सा तरी तेल असतं. तेलासकट पूड टाकली की सीओडी, म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप, उलट चढतो. काम करतं ते धनभारित प्रथिन, आणि ते मिठाच्या पाण्यात जास्त उतरतं. म्हणून तेल काढलेली पूड ५ ग्रॅम, १०० मिली पाणी, मीठ ५.८ ग्रॅम, अर्धा तास ढवळा, फडक्यातून गाळा, हा अर्क त्याच दिवशी संपवा.

‘कोणताही रंग.’ हे प्रथिन रिॲक्टिव्ह, डायरेक्ट, ॲसिड अशा ऋणभारित रंगांना धरतं. ॲक्रिलिकचे बेसिक रंग स्वतःच धनभारित, ते हाती लागत नाहीत. त्यात सुताच्या रिॲक्टिव्ह डाइंगचं पाणी सोडा ॲशमुळे पीएच १०.५-११ वर असतं. तिथं प्रथिनाचा भारच उरत नाही, गुठळी धरत नाही, आणि लोक डोस वाढवत बसतात. आधी आम्लाने पीएच ७ च्या आसपास आणा, तेही थेंबाथेंबाने. सोडा ॲश आणि आम्लातून वायू सुटतो, घाई केली की फेस टाकीबाहेर. पाच मिनिटांनी पुन्हा मोजा, वायू निघून गेल्यावर पीएच परत चढलेला असतो.

मग योग्य डोस शोधायला जार टेस्ट: एक लिटरचे सहा बीकर, अर्काचे सहा डोस. मिनिटाला १०० फेऱ्यांनी एक मिनिट, ३०-४० फेऱ्यांनी २० मिनिटं, मग अर्धा तास हात लावू नका. जोरात ढवळत राहिलात तर बांधलेली गुठळी फुटते.

‘पाणी शेतीला.’ रंग गेला, मीठ तिथंच! रंगाच्या हौदात लिटरमागे ४०-८० ग्रॅम मीठ किंवा ग्लॉबर सॉल्ट पडतं. ते तुरटीनेही निघत नाही, शेवग्याने कुठून निघणार? टीडीएसची, म्हणजे विरघळलेल्या क्षारांची, मर्यादा लिटरला २१०० मिलीग्रॅम आहे. काचेसारखं दिसणारं हे पाणी उसाला देत राहिलात तर जमीन चोपण होईल.

‘गाळाचं खत.’ प्रथिन कुजेल, रंग मागे राहील. सांडपाणी प्रक्रियेतला रासायनिक गाळ २०१६ च्या नियमांत घातक कचऱ्यात मोडतो. कोॲग्युलंट (गुठळी धरवणारं द्रव्य) झाडाचं आहे म्हणून त्यातून सूट मिळत नाही.

आणि ‘फुकट’? लिटरला एक ग्रॅम धरला तरी एक लाख लिटरला रोज १०० किलो सोललेलं बी लागेल.