‘सर्व बीटलना बसतो’ म्हणे!

फोक्सवॅगन बीटल गाडीच्या क्लच किटच्या खोक्यावर ‘सर्व बीटलसाठी’ छापायचं आणि आत दोन वेगळ्या काळातले पार्ट कोंबायचे. अहो, 1971 च्या मॉडेलच्या आसपास फोक्सवॅगनने रिलीज बेअरिंगची (पेडल दाबलं की क्लच सोडवणारं बेअरिंग) बैठकच बदलली! आधीच्या गिअरबॉक्सला गाइड ट्यूब नाही. बेअरिंग फोर्कवर (त्याला ढकलणारा दांडा) क्लिपांनी धरलेलं असतं, म्हणून प्रेशर प्लेटच्या (क्लचची चकती दाबून धरणारी प्लेट) मधोमध, बेअरिंगला टेकायला, रिंग लागतेच. नंतरच्या गिअरबॉक्सात इनपुट शाफ्टभोवती ट्यूब आली, बेअरिंग तिच्यावर सरकतं, रिंगचं काम संपलं.

जुन्या बेअरिंगसमोर बिनरिंगची प्लेट लावली की बेअरिंग मध्यावर राहत नाही, प्लेटमधल्या डायफ्राम स्प्रिंगची बोटं खरवडत बसतं. उलट केलं तर रिंगची जाडी फ्री प्ले (पेडलची मोकळी चाल) खाते आणि क्लच घसरायला लागतो. मग बिचाऱ्या क्लच केबलचा, चाल जुळवायचा विंगनट पिळायचा! पेडलला 10 ते 20 मिमी मोकळी चाल हवी. ती मिळत नसेल तर दर वेळी केबललाच का झोडपता? आणि ती रिंग तारेच्या क्लिपांवर असते, ट्यूबवाल्या गिअरबॉक्ससाठी सरळ काढता येते. हे मात्र विकणारा कधी सांगणार नाही.

त्यात क्लचच्या 180 आणि 200 मिमी व्यासाचा घोळ वेगळाच. 6 व्होल्टवाल्या गाडीच्या फ्लायव्हीलला (इंजिनवरची दातेरी चकती, हिच्यावरच क्लच बसतो) 109 दात, 12 व्होल्टच्याला 130. दात मोजा, प्लेटचा व्यास मोजा, टॉर्च मारून ट्यूब बघा, मगच पैसे मोजा. क्लचसाठी इंजिन उतरवावं लागतं, आणि ते चार बोल्टांवर उतरतं हे खरं, पण म्हणून काय दर आठवड्याला उतरवायचं?