मिठात पुरून बुडालेलं मूल उठत नाही

सुट्ट्या लागल्या की मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. या वेळी तो आमच्या इमारतीतल्या एका आजींनी टाकला, तोही पवना धरणाकाठी तंबूत राहायला निघालेल्या कुटुंबांच्या ग्रुपवर. ‘मुलं बरोबर आहेत, वाचून ठेवा,’ असं त्यांनी वर काळजीने लिहिलं होतं. खाली भराभर हात जोडलेली चित्रं आली. एकानेही विचारलं नाही की हे खरं आहे का.

मेसेज म्हणतो: बुडालेल्याला तीन-चार तासांत दीड क्विंटल मिठात झाकून ठेवा, तो शुद्धीवर येतो. त्याआधी उलटं धरून, पोट दाबून पाणी काढा. मूल बुडायला लागलं तर ओरडतंच, उगाच घाबरू नका. दंडाला फुगे किंवा कमरेला ट्यूब असली की चिंता नाही. तळ्यात लाटा नसतात, त्यामुळे ते समुद्रापेक्षा सुरक्षित. आणि जेवून पाण्यात उतरू नका.

आधी मीठ, कारण जीव घेणारा मुद्दा हाच आहे.

हा मेसेज लिहिणाऱ्याला वाटतं की बुडालेला माणूस ओल्या गोधडीसारखा पाण्याने भरतो आणि मिठाने ते पाणी शोषलं की झालं. बुडालेल्या बहुतेकांच्या फुप्फुसांत वजनाच्या किलोमागे ४ मिलिलीटरहूनही कमी पाणी गेलेलं असतं. १५ किलोच्या मुलाचा हिशेब केला तर ६० मिलिलीटर, चहाचा जेमतेम अर्धा कप. जीव जातो प्राणवायू तुटल्यामुळे. आधी श्वास थांबतो, हृदय त्यानंतरही थोडा वेळ चालू असतं, मग तेही थांबतं. मेंदूला ४ ते ६ मिनिटं प्राणवायू मिळाला नाही की कायमची इजा सुरू होते. मेसेज तासांची भाषा करतो, मुलाच्या हातात मिनिटं असतात. दीड क्विंटल म्हणजे एक-एक किलोच्या दीडशे पिशव्या. धरणाकाठच्या वाडीतून एवढं मीठ गोळा होईपर्यंत वाचवण्यासारखं काही उरलेलं नसतं.

आणि मीठ पाणी ओढणार तरी कुठून? लोणचं घालणाऱ्या प्रत्येकीला माहीत आहे की कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं, पण अख्खी कैरी चार तास मिठात ठेवली तर ती तशीच राहते. माणसाची कातडीही तशीच अख्खी, आणि फुप्फुसं तर तिच्या, स्नायूंच्या आणि बरगड्यांच्याही आत.

एक गोष्ट मान्य करावी लागते. या मेसेजबरोबर कधीकधी माशीचा व्हिडिओ येतो: पाण्यात बुडवलेली निपचित माशी, तिच्यावर मीठ, आणि थोड्या वेळाने ती चालायला लागते. तो प्रयोग खोटा नाही. पण माशीला फुप्फुसं नसतात. तिच्या अंगावर बारीक छिद्रं असतात, हवा त्यांतून थेट नळ्यांत जाते. छिद्रांवरचं पाणी मिठाने ओढलं की वाट मोकळी होते, आणि तिचं शरीर प्राणवायूशिवाय तासन्‌तास तग धरू शकतं. माणसाचं मूल तसं नाही. बर्फाळ पाण्यात बराच वेळ राहूनही वाचलेल्या मुलांच्या नोंदी वैद्यकात आहेत, पण तिथे थंडीमुळे मेंदूची गरजच मंदावलेली असते. आपल्याकडच्या पाण्याला ते लागू नाही.

२०२२ मध्ये कर्नाटकातल्या बळ्ळारी जिल्ह्यात बुडालेल्या एका मुलाला घरच्यांनी अशाच मजकुरावर विसंबून कित्येक तास मिठात ठेवलं. ते उठलं नाही. त्या आईबापांना दोष देता येत नाही. दोष न वाचता पुढे ढकलणाऱ्यांचा आहे.

दुसरा मुद्दा, उलटं धरण्याचा आणि पोट दाबण्याचा. त्याने बाहेर येतं ते पोटातलं, फुप्फुसातलं नाही. पोटात गिळलेलं पाणी, हवा आणि दुपारचं जेवण असतं. दाबलं की ते घशात येतं आणि बेशुद्ध मुलाच्या श्वासनलिकेत उतरतं. शिवाय तेवढा वेळ श्वास देणं लांबतं.

मग काय करायचं? अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये फक्त बुडण्यावर सुधारित सूचना काढल्या. त्यांचं सांगणं असं की पाण्यातून काढलेली व्यक्ती बेशुद्ध असेल आणि नीट श्वास घेत नसेल तर हृदय थांबलं आहे असं धरूनच चला आणि लगेच सीपीआर द्या, म्हणजे छाती दाबत राहा, तोंडाने श्वास देण्यासकट. ‘नुसती छाती दाबली तरी चालते’ हे जे ऐकलेलं असतं, ते अचानक हृदय बंद पडून कोसळलेल्या मोठ्या माणसासाठी. बुडालेल्याच्या रक्तातला प्राणवायूच संपलेला असतो. तो न भरता नुसतं रक्त फिरवून भागत नाही. श्वास देणं जमतच नसेल तर मात्र निदान छाती दाबा, हात बांधून उभं राहू नका.

मुलाला घट्ट जमिनीवर उताणं ठेवा. काठ उतरता असेल तर पाण्याच्या कडेला समांतर, म्हणजे डोकं आणि धड एका पातळीत राहतं. एकाने १०८ ला फोन लावायचा आणि स्पीकर सुरू ठेवायचा. श्वास चालू आहे का ते पाहायला १० सेकंदांहून जास्त घालवू नका. कपाळावर एक हात, हनुवटी वर, नाक चिमटीत, आणि दोन श्वास, प्रत्येकी साधारण एक सेकंद. छाती वर आली पाहिजे. नाही आली तर डोक्याची ठेवण सुधारून पुन्हा. मग छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्यावर ३० वेळा दाब, छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश, म्हणजे मुलामध्ये सुमारे ५ सेंटिमीटर, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. पुन्हा २ श्वास. शिकलेले दोघं असतील तर १५ दाब आणि २ श्वास. तोंडातून फेस येत राहील, तो पुसत बसू नका. उलटी झाली तर अख्खं अंग कुशीवर वळवा, तोंड साफ करा, पुन्हा उताणं, पुन्हा सुरू. डॉक्टर किंवा रुग्णवाहिका ताबा घेईपर्यंत थांबायचं नाही. हे वाचून हाताला येत नाही, सरावाच्या पुतळ्यावर एकदा तरी करून पाहावं लागतं.

‘मूल ओरडतंच’ हा मुद्दा वरवर निरुपद्रवी वाटतो, पण माझ्या मते मिठाच्या खालोखाल घातक हाच. ओरडायला छातीत हवा लागते. बुडणाऱ्याचं तोंड पाण्याच्या वर क्षणभर येतं, तेवढ्यात त्याला श्वास घ्यायचा असतो. हात हलवून बोलावणंही त्याच्या ताब्यात नसतं, ते आपोआप बाजूंना पसरून पाण्यावर दाबले जातात. न्यूयॉर्कमधले जीवरक्षक फ्रँक पिया यांनी चित्रीकरण करून हे दाखवलं. धडपड दिसते ती २० ते ६० सेकंद, लहान मुलाची त्याहून कमी. त्यामुळे काठावर गप्पा मारत ‘लक्ष आहे’ म्हणणाऱ्या आठ मोठ्यांचा उपयोग नाही. एकाचं नाव घेऊन सांगा: आता पंधरा मिनिटं तुझी. त्याच्या हातात फोन नाही, ग्लास नाही, चुलीची जबाबदारी नाही. पाळी बदलताना तोंडाने सांगायचं आणि मुलं मोजायची. पाच वर्षांखालचं मूल पाण्यात किंवा पाण्याच्या कडेला असेल तर मोठं माणूस हात लांब केला की पोहोचेल इतक्या अंतरावर.

फुगे आणि ट्यूब खेळणी आहेत. दंडातला फुगा ओला झाला की सरकतो, ट्यूब उलटली की डोकं खाली आणि पाय वर अडकतात, वारा आला तर ती मुलासकट आत वाहते. लाइफ जॅकेट मुलाच्या वजनाचं हवं. सगळे पट्टे लावून जॅकेट खांद्यांपाशी धरून वर उचला. हनुवटी-कानांपर्यंत सरकलं तर ते मोठं आहे, घालू नका. लहानांना दोन पायांमधून जाणारा पट्टा असलेलंच घ्या.

‘तळं सुरक्षित’ याबद्दल फार बोलायला नको. धरणाचा काठ चौपाटीसारखा हळूहळू उतरत नाही. खाली जुनी शेतं, बांध, ओढ्यांची पात्रं असतात, आणि गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल गळ्यापर्यंत जातं. पवनेच्या पाण्यात वाघेश्वराचं अख्खं मंदिर बुडालेलं असतं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की दिसतं. यावरून तळाची कल्पना यावी. गाळात पाय रुतला की मोठाही घाबरतो. गिरगाव, दादर, जुहू, वर्सोवा, आक्सा, गोराई इथे निदान जीवरक्षक असतात, लाल झेंडा असतो. तंबूवाल्याकडे कामाला असलेला मुलगा म्हणजे जीवरक्षक नव्हे. जाताना २० मीटर दोरी आणि झाकण घट्ट बसणारा तेलाचा ५ लीटरचा रिकामा कॅन न्या. कॅनमध्ये दोन-तीन पेले पाणी ठेवा म्हणजे तो फेकता येतो. दोरीचं एक टोक कॅनच्या मुठीला, दुसरं काठावरच्या माणसाकडे. कॅन बुडणाऱ्याच्या पलीकडे टाकायचा आणि ओढत त्याच्या हाताशी आणायचा. काठी, ओढणी, साडी, काहीही पुढे करा, पण पोहता न येणाऱ्याने उडी घेऊ नये. एकामागोमाग एक जाणारी माणसं अशीच जातात.

राहिला जेवणाचा मुद्दा. पोटभर जेवून पोहलं तर जड वाटतं, एवढंच त्यात खरं. जेवणामुळे मुलं बुडतात याला आधार नाही. त्या ओळीच्या जागी दारूची ओळ हवी होती, कारण पाण्यावर लक्ष ठेवणारा प्यालेला असेल तर वरचं काहीच चालत नाही.

आणि पाण्यातून काढून श्वास द्यावा लागलेलं मूल उठून बोलायला लागलं तरी त्याला दवाखान्यात न्यायचंच. बेशुद्ध झालं नसेल, पण खोकला थांबत नसेल, श्वास जोरात चालत असेल, ओठ निळसर किंवा मूल सुस्त वाटत असेल, तरीही. ६ ते ८ तास डॉक्टरांच्या नजरेखाली काढावे लागतात. म्हणून तंबूत पोहोचल्यावर आधी दोन गोष्टी ठरवा: जवळचा मोठा दवाखाना कोणत्या रस्त्याने, आणि रात्री गाडीची चावी कोणत्या न प्यालेल्या माणसाकडे.